समजून घ्या : संस्कृतच्या पंडितेने बायबल साध्या मराठीत का आणलं? काय आहे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची गोष्ट?

सास्तूर, लोहारा, उमरगा भागातले लोक सोलापूरहून रेल्वेने पुण्याला निघाले की दौंड सोडल्यावर केडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. शंभर वर्षांपूर्वी या गावात एक छापखाना होता. दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा तिथे खिळे जुळवायच्या, पानं छापायच्या. संपूर्ण बायबलचं एका बाईने केलेलं मराठी भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडलं. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

समाजसुधारक म्हणून रमाबाई शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत. पण आयुष्याची शेवटची दीड दशकं त्यांनी मुख्यतः ज्या कामाला दिली, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. हे काम समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट पाहावी लागेल.

ख्रिस्ती उपासनेत बायबल कुठे येतं?

जवळपास प्रत्येक टप्प्यावर. चर्चमधल्या उपासनेत जुन्या आणि नव्या करारातले उतारे मोठ्याने वाचले जातात. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हटली किंवा गायली जातात. प्रवचन वाचलेल्या उताऱ्यावरच असतं. सगळे मिळून म्हणतात ती प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीतले शब्दही येशूच्या शेवटच्या भोजनाच्या वर्णनातून आले आहेत.

म्हणजे बायबल हे घरी वाचण्याचं पुस्तक आहे, तसंच ते सगळ्यांनी एकत्र ऐकण्याचंही आहे. ऐकणाऱ्याला भाषाच कळली नाही तर उपासनेचा मोठा भाग त्याच्या डोक्यावरून जातो. युरोपात यावरूनच मोठा वाद झाला. मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ मध्ये नवा करार जर्मन भाषेत आणला. कॅथलिक चर्चमध्ये मात्र १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा प्रामुख्याने लॅटिनमध्येच होत असे.

रमाबाईंना हा प्रश्न कुठे भेटला?

स्वतःच्या घरातच. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विरोध सोसावा लागला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकवलं.

हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत देवळात आणि घाटावर पुराणं वाचायचं. त्यावर मिळणाऱ्या दक्षिणेवर घर चालायचं. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना संस्कृत येत नसे. पण अर्थ कळला नाही तरी पवित्र शब्द कानावर पडल्याने पुण्य लाभतं, अशी श्रद्धा होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण एकामागोमाग गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले.

बायबलशी पहिली भेट कशी झाली?

फसलेली. १८७८ मध्ये भावंडं कोलकात्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच काळात दोघं ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेले. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेली पाहून त्यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात!

तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. पण त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांपेक्षा इतकं वेगळं होतं की पदवीधारक पंडितेलाही ते वाचणं म्हणजे वेळ घालवणं वाटलं. पुस्तक बाजूला पडलं.

श्रीनिवास यांचं १८८० मध्ये निधन झालं. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जात आणि प्रांताबाहेर नोंदणी विवाह केला. आसाममधल्या सिल्चरच्या घरी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. बंगाली त्यांना तोवर येत होतं. या वेळी मजकूर समजला आणि वाचावासा वाटला. १८८२ मध्ये पतीचं कॉलऱ्याने निधन झालं आणि मुलगी मनोरमाला घेऊन त्या पुण्यात आल्या.

क्रॉसवरच्या लॅटिनवरून वाद का झाला?

पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण चर्च सांगेल ते मुकाट्याने मान्य करणं त्यांना जमलं नाही.

गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन मजकूर होता. तो रमाबाईंना मान्य नव्हता. लॅटिन आपल्याला येत नाही आणि भारतातल्या बायकांनाही येत नाही, मग ते कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्या जागी संस्कृत असावं, असं त्यांनी सुचवलं. पुढे मात्र याच संस्कृतपासूनही त्यांनी फारकत घेतली.

पुण्यात रोष कशामुळे झाला?

अमेरिकेत निधी जमवून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी.

सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर बायबल वाचून प्रार्थना करत, पण दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंच्या मते आपल्या खोलीत मोकळेपणाने प्रार्थना करण्याचा त्यांना हक्क होता. टीकाकारांच्या मते आश्रयाला आलेल्या विधवांवर त्याचा प्रभाव पडणारच होता आणि दिलेला शब्द मोडला जात होता. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आणि पुण्याचे सुधारक यांच्यातलं अंतर नंतर मिटलं नाही.

केडगावात काय घडलं?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. इथेच 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातमधूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, छपाई ही कामं बायकाच करत. मनोरमा ब्रेल शिकून आली होती. त्यामुळे अंध मुलीही वाचू लागल्या.

इथली उपासना मराठीत होती आणि प्रार्थना बायकाच म्हणत. पण हातातलं मराठी बायबल त्यांना जड जात होतं. मराठीत नवा करार १८११ मध्येच आला होता. तो बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी छापला. नंतर सुधारित भाषांतरंही झाली. पण त्यांत संस्कृत वळणाचे शब्द भरपूर होते. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या खेड्यातल्या बाईला ते झेपत नव्हते.

भाषांतर कसं झालं?

रमाबाईंनी इंग्रजीवरून मराठी करण्याचा सोपा रस्ता घेतला नाही. चाळिशी उलटल्यावर त्या जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक शिकल्या. संस्कृत शब्द टाळण्यामागे दोन कारणं होती. एक, ते सामान्य बायकांना कळत नव्हते. दुसरं, अशा शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातला अर्थही येतो आणि मूळ मजकुराचा अर्थ बदलतो, असं त्यांचं मत होतं.

सगळ्यांना हे पटलं नसतं. कवी नारायण वामन टिळक यांनी त्याच काळात उलटा मार्ग धरला. अभंग आणि ओवी या संतांच्या घाटातून त्यांनी ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केलं.

मग हे बायबल चर्चमध्ये का रुजलं नाही?

मराठी चर्चच्या उपासनेत बायबल सोसायटीचं भाषांतरच चालत राहिलं. याचं एक कारण उपासनेच्या स्वरूपातच आहे. वर्षानुवर्षं एकत्र म्हटलेली प्रार्थना आणि स्तोत्रं लोकांच्या तोंडात बसलेली असतात. नवे शब्द सोपे असले तरी पाठ झालेले शब्द सोडणं अवघड जातं. रमाबाईंचं भाषांतर त्यामुळे मुख्यतः मुक्तीच्या वर्तुळात राहिलं. पण ऐकणाऱ्या बाईला कळत नसेल तर वाचून उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न प्रत्येक नव्या भाषांतरापुढे उभा राहतो.

मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. त्यानंतरही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुक्ती मिशन आजही केडगावात सुरू आहे.