हॅरी फर्ग्युसन

पावसाळ्यांत शेवाळलेल्या वाटेवरून शाळेस येतांना पाय घसरल्याचा अनुभव आमच्या बहुतेक विद्यार्थिमित्रांस असेलच. घसरणारा मनुष्य अशक्त असतो असें नाहीं; पायाची जमिनीवरील पकड सुटली म्हणजे अंगांतील सारी शक्ति व्यर्थ जाते. मोटारीच्या चाकाचेंहि तसेंच आहे. ही गोष्ट ओळखून जन्मभर झटलेल्या हॅरी फर्ग्युसन यांचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों.

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजीं आयर्लंडांतील डाउन परगण्यांत एका शेतकऱ्याचे घरीं झाला. शेतकामांत मन न रमल्यामुळें ते बेलफास्ट शहरीं आपल्या बंधूंच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत शिरले. १९०९ सालच्या अखेरच्या दिवशीं त्यांनीं स्वतः बांधलेलें विमान उडविलें. आयर्लंडांत विमान उडविणारे ते पहिलेच गृहस्थ होत.

पुढें त्यांचें लक्ष ट्रॅक्टराकडे वळलें. त्या काळीं ट्रॅक्टर मागें नांगर नुसता ओढीत असे. फाळ खडकास अडला कीं ट्रॅक्टराचें तोंड वर उचललें जाऊन तो मागें उलटे व हांकणारा त्याखालीं चिरडला जाई. फर्ग्युसन यांनीं नांगर तीन दांड्यांनीं असा जोडला कीं, त्याचा भार मागील चाकांवर पडून त्यांची पकड वाढावी व पुढील चाकें जमिनीवरच टेकून राहावीं. या युक्तीनें अनेक शेतकऱ्यांचे प्राण वांचले. आपल्या देशांतील शेतांतहि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरावर त्यांचें नांव आढळतें.

कीर्ति व संपत्ति लाभल्यावरहि ते स्वस्थ बसले नाहींत. १९५० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनीं आपलें द्रव्य मोटारीच्या सुरक्षिततेच्या संशोधनांत घातलें. सामान्य मोटारींत एंजिनाची शक्ति दोनच चाकांस मिळते. ओल्या रस्त्यावर जोर अधिक झाला कीं तीं चाकें जागींच गरगरतात व वळणावर गाडीचा तोल जातो. तीच शक्ति चारी चाकांस वांटली तर प्रत्येकावर ओझें कमी पडून वळण घेण्यास पकड शिल्लक राहते. तसेंच ब्रेक जोरानें दाबल्यानें चाक फिरावयाचें थांबलें, तर तें घसरूं लागतें व सुकाणूस जुमानीत नाहीं. म्हणून चाक अडकूं न देणाऱ्या ब्रेकाचीहि जोड या योजनेस मिळाली.

परंतु २५ ऑक्टोबर १९६० रोजीं फर्ग्युसन निवर्तले, तोंपर्यंत एकाहि कारखानदारानें ही योजना विक्रीच्या मोटारींत घेतली नव्हती. पुढच्याच वर्षीं, २३ सप्टेंबर १९६१ रोजीं, इंग्लंडांतील ओल्टन पार्क येथें ओलसर मार्गावर स्टर्लिंग मॉस यांनीं फर्ग्युसन संस्थेच्या पी ९९ या गाडीनें शर्यत जिंकिली. तिचीं चारी चाकें एंजिनानें फिरत असत. १९६६ सालीं जेन्सन कंपनीच्या एफएफ गाडींत दोन्ही योजना एकत्र आल्या. तशा गाड्या अवघ्या ३२० झाल्या. परंतु आज चाक न अडकविणारे ब्रेक साध्या मोटारींतहि असतात.

विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट मात्र विसरूं नका. यंत्र कितीहि चतुर असलें तरी ओल्या रस्त्याची पकड तें वाढवूं शकत नाहीं. आहे ती नीट वांटूं शकतें, इतकेंच. पहिल्या पावसांत धूळ व तेल मिसळून रस्ता अधिकच निसरडा होतो. अशा वेळीं वेग आवरणें हें हांकणाऱ्याच्याच हातीं आहे. आमचे पालकहि हें ध्यानीं घेतील, तर या सत्पुरुषाच्या श्रमांचें चीज झालें असें आम्ही समजूं.