डॉ. कमलाबाई सोहोनी

ज्या घरी आठवड्यातून दोन-चार वेळा तरी तुरीचे वरण अगर हरभऱ्याचे पिठले होत नाही, असे घर आमच्या धाराशिव जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण. डाळींत शरीराचे पोषण करणारी प्रथिने असतात, हे शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्या प्रथिनांचा बारकाईने शोध करणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या व त्यांस ह्या अभ्यासाच्या उंबरठ्यावरच अडविण्यात आले होते, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच माहीत असेल.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवतांच्या घरी झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या. तेव्हा वडिलांच्याच संस्थेत पुढे शिकावे असे त्यांनी ठरविले, ह्यात नवल नव्हते.

अर्ज मात्र नामंजूर झाला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक मिळविलेले सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. गुणांत उणीव नव्हती. अर्ज करणारी स्त्री आहे, एवढेच कारण. कमलाबाई स्वतः बंगळुरास गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा आपला निश्चय त्यांनी संचालकांस सांगितला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे. गुरुजी सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे. आणि आपल्या वावरण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. ही शेवटची अट आम्हांस फार लागते. कमलाबाईंसही ती लागली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, उतारवयातही, त्यांनी तो अपमान बोलून दाखविला. तरी त्या वेळी त्यांनी मान्य केले व श्रीनिवासय्या ह्या गुरूंच्या हाताखाली दूध व कडधान्ये ह्यांतील प्रथिनांवर काम आरंभिले. वर्ष संपले तेव्हा संचालकांची खात्री पटली होती, आणि पुढे इतर मुलींसही तेथे प्रवेश मिळू लागला.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करीत असता, पेशींच्या श्वसनास लागणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते असे त्यांनी दाखविले. अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांस पीएच.डी. मिळाली. पोथीच्या जाडीवरून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

१९३९ साली त्या स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली श्री. सोहोनी ह्यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात. त्यांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. शिजविल्याने त्या द्रव्यांचा जोर पुष्कळ कमी होतो, तेव्हा डाळ मऊ शिजेपर्यंत चुलीवरून न उतरविणाऱ्या आमच्या आयाबाया शास्त्राला धरूनच वागत आल्या आहेत. गरिबांच्या कुपोषित मुलांस व गरोदर स्त्रियांस नीरेपासून काय लाभ होतो, हेही कमलाबाईंनी तपासले. ह्या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या संस्थेचे संचालकपद मात्र हक्काचे असूनही त्यांस कित्येक वर्षे मिळाले नाही. मिळाले ते उशिरा. पुढे १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या व त्यानंतर थोड्याच काळात निवर्तल्या.