पंडिता रमाबाईंनीं पाहिलेलें अमेरिकेचें राज्य



ज्या देशांत राजा नाहीं, त्या देशांत हुकूम कोणाचा चालतो, हा प्रश्न आज आपल्या शाळेंतील लहान मुलासहि पडणार नाहीं. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या पिढीस तो खचित पडला असेल. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील शेतकऱ्यानें लोकसभेसाठीं पहिलें मत दिलें तें १९५१-५२ सालच्या निवडणुकींत. त्याच्याहि साठ वर्षें आधीं एका मराठी विदुषीनें राजावांचून चालणारें एक विशाल राज्य स्वतः हिंडून पाहिलें व त्याची हकीकत आपल्या भाषेंत लिहून ठेविली. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. अनाथांची माता म्हणून त्यांचें चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे. राज्यकारभाराकडे डोळसपणें पाहणारी स्त्री या नात्यानें तें फारसें सांगितलें जात नाहीं. म्हणून येथें तें त्या बाजूनें सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें मुलीस. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरे. पुढें दक्षिणेंतील दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेलीं दोघें भावंडें, रमाबाई व श्रीनिवासशास्त्री, पायीं देश तुडवीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभीं तेहि पटकीनें गेले. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी, आणि वय चोवीस वर्षांचेंहि पुरें नाहीं, अशा स्थितींत बाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, व हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण मिळालें पाहिजे असें निक्षून सांगितलें. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

१८८६ च्या मार्चमध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान-समारंभास हजर राहण्यासाठीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, तो अडीच वर्षांहून अधिक वाढला. त्या अवधींत त्यांनीं शाळा, इस्पितळें व धर्मादाय संस्था पाहिल्या, ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं आणि तेथील राज्यपद्धतीचा अभ्यास केला. या निरीक्षणाचें फळ म्हणजे १८८९ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हें मराठी पुस्तक. त्यांत राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची अवस्था, व्यापार व उद्योग या सर्वांचा विचार आहे.

त्या वेळीं अमेरिकेच्या अध्यक्षपदावर ग्रोव्हर क्लीव्हलंड हे होते. जुन्या, सावध वळणाच्या राजनीतीचा नमुना म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. सरकारचे हात राज्यघटनेनें बांधलेले असावेत, खजिन्यांतील पैसा हा लोकांच्या घामाचा आहे आणि तो जपून खर्चावा, अशी त्यांची ठाम समजूत. पहिल्या चार वर्षांत त्यांनीं चारशेंहून अधिक विधेयकें नामंजूर केलीं. १८८७ च्या फेब्रुवारींत टेक्सस प्रांतांतील अवर्षणग्रस्त शेतकऱ्यांस बियाणें देण्याकरितां १०,००० डॉलरांचें विधेयक पुढें आलें. तेंहि त्यांनीं परत पाठविलें. सरकारकडे तोंड करून बसण्याची संवय लागली कीं लोकांचा कणा मोडतो व शेजाऱ्याचें प्रेम आटतें, असा त्यांचा मुद्दा होता. परराष्ट्रांविषयीं त्यांचें धोरण वॉशिंग्टन यांच्या १७९६ सालच्या निरोपाच्या उपदेशास धरून होतें. सर्वांशीं व्यापार करावा, पण दुसऱ्यांच्या भांडणांत गुंतूं नये. एवढ्या मोठ्या देशाची खडी फौज त्या काळीं अवघी सुमारें २५,००० होती. आपणांकडे इंग्रज सरकार सरहद्दीवरील मोहिमांवर व लष्करावर पैसा ओतीत असतां हें चित्र हिंदी माणसास किती नवल वाटण्याजोगें होतें, हें सांगावयास नको.

परंतु रमाबाई भारावून जाणाऱ्या नव्हत्या. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या या देशानें काळ्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या गुलाम करून ठेविलें, मूळच्या रहिवाशांच्या जमिनी बळकाविल्या आणि अर्ध्या प्रजेस, म्हणजे स्त्रियांस, मताचा हक्क नाकारिला, हे दोष त्यांनीं झांकले नाहींत. येथें विचार करण्याजोगी गोष्ट आहे. सरकारनें हात आंखडावा ही नीति बलवानास सोयीची असते. ज्याच्या मानेवर दुसऱ्याचा पाय आहे त्यास मात्र तो पाय काढणारा कायदा हवा असतो. तें काम शेजारधर्मावर सोंपवून भागत नाहीं.

तथापि त्या नीतीची दुसरी बाजू बाईंच्या स्वतःच्या अनुभवास आली. १८८७ च्या डिसेंबरांत बॉस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन ही मंडळी स्थापन झाली. हिंदुस्थानांतील विधवांच्या शाळेस १० वर्षें खर्च पुरविण्याचें तिनें पत्करिलें. त्यांत सरकारचा एक पैसाहि नव्हता. वेगवेगळ्या पंथांचीं माणसें एकत्र आलीं, गांवोगांव मंडळें निघालीं, आणि थोड्याथोड्या वर्गणीनें हें काम उभें राहिलें. शाळेंत कोणाच्याहि धर्माचा आग्रह धरावयाचा नाहीं, अशी अट ठरली.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेण्यांत आलें. त्याच १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेंत प्रतिनिधि म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. मात्र १८९३ मध्यें मोठें वादळ उठलें. कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, म्हणून पुण्यांत ओरड झाली; रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले व कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांनीं तटस्थतेच्या वचनावर विश्वास ठेविला होता, हें खरें. बाईंचें म्हणणें असें कीं, आपण कोणास बोलावीत नाहीं, पण आपल्या खोलीचें दार लावून घेऊन प्रार्थनाहि करणार नाहीं. वचन व सदसद्विवेक यांमधील ही ओढाताण सोपी नव्हती, आणि तिचा निवाडा आजहि सर्वांचा एक होत नाहीं. बॉस्टनच्या मंडळीनें मात्र साहाय्य थांबविलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली घेऊन आल्या. बाळपणीं भुकेनें जें घर मोडलें होतें त्याची आठवण त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें या मुलींस केडगांवीं नेलें. तेथेंच मुक्ति मिशन उभें राहिलें. शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना हीं सर्व कामें मुलीच करीत. परंतु लोकांनीं आपलें काम आपण करावें याचा अर्थ सरकारला मोकळें सोडावें असा त्यांनीं कधींच केला नाहीं. १८९७ त पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांची जी विटंबना झाली तिजविषयीं त्यांनीं वृत्तपत्रांत उघड पत्र लिहिलें, व त्याचा गवगवा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. पुढें १९१९ त सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनींहि देह ठेविला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनीं केलेलें बायबलचें मराठी भाषांतर त्यांच्या मागून प्रसिद्ध झालें.

अमेरिकेंत सरकारनें किती करावें आणि परदेशांच्या कामांत किती पडावें, हा वाद क्लीव्हलंड यांच्याबरोबर संपला नाहीं. १८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धानंतर तो देश समुद्रापार राज्य करूं लागला. तेथील पुराणमतवाद्यांत, आपलें घर सांभाळावें म्हणणारे आणि जगाचें पुढारीपण करावें म्हणणारे, असे दोन तट आजहि दिसतात.

आपणांस हा प्रश्न परका नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर व आजूबाजूचीं गांवें पाडलीं, तेव्हां सरकारचा खजिना लागला आणि दूरदूरच्या सेवाभावी संस्थांचे हातहि लागले. कोणतेंहि एक पुरलें नसतें. प्रजासत्ताक राज्यांत नागरिकाचीं कर्तव्यें दोन आहेत: जें आपणांस करतां येतें तें सरकारची वाट न पाहतां करावें, आणि जें सरकारनेंच करावयाचें तें त्याच्याकडून निर्भयपणें करवून घ्यावें. ज्या स्त्रीस आपल्या देशांत वा परदेशांत एकहि मत देण्याचा अधिकार नव्हता, तिनें हीं दोन्ही कर्तव्यें केलीं. अठरावें वर्ष पुरें होतांच तुम्हांस तो अधिकार मिळणार आहे.