सहधर्मचारिणी कस्तुरबा

गृहस्थाश्रमात पत्नीला सहधर्मचारिणी म्हटले आहे. परंतु पतीच्या सोबत चालणे निराळे आणि त्याच्यामागे ओढले जाणे निराळे. हा भेद ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो, त्या पूज्य कस्तुरबांचे पुण्यस्मरण आपण करू या.

कस्तुरबांचा जन्म इ. स. १८६९ मध्ये पोरबंदर येथील व्यापारी गोकुळदास माकनजी यांच्या घरी झाला. तेराव्या-चौदाव्या वर्षीच मोहनदास गांधी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु स्वभाव मानी होता. आपल्या अनुमतीवाचून पत्नीने घराबाहेर पाऊल टाकू नये, असा तरुण पतीचा आग्रह असे. कस्तुरबांनी तो निमूटपणे कधी मानला नाही.

पुढे उभयतांचा संसार दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे थाटला गेला. तेथे इ. स. १८९८ मध्ये, घरी राहणाऱ्या एका पंचम कुळातील कारकुनाचे मूत्रपात्र साफ करण्यावरून वाद झाला. बांनी डोळ्यांत अश्रू आणून ते काम केले. पण ते हसतमुखाने करावे, असा पतीचा हट्ट होता. क्रोधाच्या भरात गांधीजींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या देशात आपण कोठे जावे, असे विचारून बांनी त्यांना भानावर आणले. गांधीजी लज्जित झाले आणि पुढे आपल्या आत्मकथेत त्यांनी हा अपराध सर्व जगापुढे कबूल केला. पतीचे दोष सोसून त्याला शुद्ध करणारे असे सामर्थ्य त्या साध्वीच्या ठायी होते.

इ. स. १९१३ मध्ये त्यांची खरी परीक्षा आली. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह अवैध ठरविणारा निर्णय तेथील न्यायालयाने दिला. अग्निसाक्ष विवाह झालेल्या कुलस्त्रियांचे पत्नीपदच त्यामुळे हिरावले गेले. गांधीजींनी बांना सत्याग्रहात येण्याचा आग्रह केला नव्हता. ही वार्ता कानी येताच त्यांनी आपण होऊन तुरुंगात जाण्याचा निश्चय केला. सप्टेंबर महिन्यात सोळा जणांच्या तुकडीबरोबर त्या निघाल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटून आल्या तेव्हा देह केवळ अस्थिपंजर उरला होता. परंतु इ. स. १९१४ च्या कायद्याने हिंदी लोकांच्या विवाहांना मान्यता मिळाली. पत्नीपदाच्या सन्मानासाठी त्या स्वतः झुंजल्या होत्या.

मातेचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. थोरले चिरंजीव हरिलाल पित्यापासून दुरावले. एकीकडे पती, दुसरीकडे पोटचा पुत्र! तो सल बांनी अखेरपर्यंत हृदयात वागविला. तरी आश्रमातील सर्वांवर त्यांनी पुत्रवत् प्रेम केले.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान महालात आणण्यात आले. तेथे अवघ्या काही दिवसांतच, १५ ऑगस्ट रोजी, पुत्रासमान महादेवभाई देसाई यांचे निधन झाले. त्या बंदिवासात, सत्तरी ओलांडलेल्या बा पतीपाशी बसून गीतेचे श्लोक शुद्ध म्हणण्याचा अभ्यास करीत. ज्या पतीने तारुण्यात त्यांना शिकविण्याचा हट्ट धरला आणि ज्याचे ते शिकविणे तेव्हा निष्फळ ठरले, त्याच पतीची शिष्या होणे त्यांनी आता आनंदाने पत्करले.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून त्यांनी देह ठेवला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांच्या अंगावर घालण्यात आली. महालाच्या आवारात महादेवभाईंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

बासष्ट वर्षांच्या या सहवासात कोणी कोणाला घडविले, हे सांगणे कठीण आहे. सद्गृहस्थहो, आपल्या घरातील गृहलक्ष्मीची सेवा आपण नित्य घेतो. तिचे मन मात्र क्वचितच विचारतो. बांचे स्मरण करताना आज एवढे तरी करावे. तिला विचारावे, तिचे ऐकावे, आणि आपली चूक असेल तर ती तिच्यापुढे नम्रपणे कबूल करावी. हीच बांना खरी श्रद्धांजली होय.