ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव

आपल्या मुळशी खोऱ्यात गावच्या जत्रेत प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. त्या पोरांतील एखादा पुढे जगज्जेत्यांशी झुंजेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही येत नाही. कै. खाशाबा दादासाहेब जाधव हे अशाच मातीतून उठलेले रत्न होते. त्यांचे चरित्र आपल्या कुटुंबांतील मुलांपुढे, आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांपुढे, ठेवावे असे आम्हांस वाटते.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात ता. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगाने लहानखुरे, परंतु डावपेचांत विलक्षण चपळ, अशी त्यांची ख्याती होती.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. आजवर लाल मातीत खेळलेल्या या तरुणास तेथील गादी अपरिचित होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला व पुढील चार वर्षे अखंड मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा द्रव्याची अडचण उभी राहिली. लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली, ती पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी गुरूने स्वतःचे छप्पर पणास लावले! आम्ही आयुष्यभर खडू हाती धरला. या प्रसंगाचे स्मरण होताच आमची मान आदराने लवते.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना चीत केले. जपानच्या शोहाची इशिई यांच्याशी दीर्घ झुंज होऊन ते हरले. लगेच, पुरेशी विश्रांती न मिळता, त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले. त्यांची बाजू मांडण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले!

कराडला शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गुलाल झटकताच खाशाबांना आठवले ते गुरूचे गहाण पडलेले घर. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून ते घर सोडविले. आमच्या मते हा विजय पदकाहून तसूभरही कमी नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढील ऑलिंपिक हुकले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते निवृत्त झाले. मात्र निवृत्तिवेतनासाठी या वीरास हेलपाटे घालावे लागले. ता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

आज आपल्या उंबरठ्यावर म्हाळुंगे-बालेवाडीची क्रीडानगरी उभी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ती उभारली गेली. खाशाबांना असे काही लाभले नव्हते. परंतु इमारत म्हणजे खुराक नव्हे, प्रवासखर्च नव्हे, आणि पाठीवरचा हातही नव्हे.

पदक आल्यावर गाड्या जुंपणारे पुष्कळ. पदकापूर्वी घर गहाण टाकणारा एखादाच. आपल्या मंडळींत कोणा मुलाच्या अंगी गुण दिसले, तर सत्काराच्या हारासाठी थांबू नये. त्याच्या दुधाची व प्रवासाची तजवीज आधी करावी. आणि मुलांनीही, यश आल्यावर कोणाचे घर सोडवायचे आहे, हे विसरू नये. कै. खाशाबांचे हेच खरे स्मारक होय.