साथीला गोविंदराव

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये माझ्या मित्राने 'मानापमाना'तले एक पद म्हटले आणि पहिले बक्षीस पटकावले. त्याच्या साथीला पेटीवर मी होतो. त्या प्रसंगाचे छायाचित्र छापून आले तेव्हा घरी सगळ्यांना मोठ्या हौसेने दाखवायला घेऊन गेलो. मित्र झकास आला होता. त्याच्या डाव्या बाजूला, चौकटीच्या अगदी कडेला, पेटीच्या पट्ट्यांवर टेकलेला एक उजवा हात दिसत होता. तो माझा. आजी चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली आणि शेवटी अंगठीवरून तिने मला ओळखले.

त्या दिवशी मी थोडा रुसलो होतो, हे कबूल करतो. पण त्या रुसव्यातूनच एक गोष्ट घडली. ज्या पदासाठी मित्राला बक्षीस मिळाले, त्याची चाल कोणाची, असे मी वर्गात सहज विचारले. कोणी बालगंधर्वांचे नाव घेतले, कोणी खाडिलकरांचे. 2025 साली आलेला 'संगीत मानापमान' हा चित्रपट ज्यांनी पाहिला होता त्यांनी शंकर-एहसान-लॉय यांचे नाव सांगितले. गोविंदराव टेंब्यांचे नाव एकानेही घेतले नाही, आणि हे कोल्हापुरात! ज्या गावात देवल क्लबच्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे, त्या गावात. म्हणजे छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहिलेला मी एकटा नव्हतो तर! तेव्हापासून गोविंदरावांविषयी जे जे हाती लागले ते वाचीत गेलो.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म 5 जून 1881 रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला. सांगवडे म्हटले की आपल्याला नृसिंहाचे देऊळ आठवते, पेटी आठवत नाही. गोविंदराव वाढले ते कोल्हापुरात, आणि ते ज्या वयात कानाने जागे झाले त्या वयात हे गाव सुरांनी भरलेले होते. गायन समाज देवल क्लब 1883 पासून चालू होता. 1895 च्या सुमारास शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारगायक म्हणून आणले. भास्करबुवा बखल्यांसारखे गवई येत-जात होते. असे शेजार मिळाल्यावर मुलाने गवई व्हावे हे सरळ होते. गोविंदरावांनी मात्र जवळ केली ती पेटी.

येथे पेटीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ती वाजवणाऱ्यांखेरीज इतरांना तिची अडचण कळत नाही. पेटी हे मूळचे फ्रान्समधले वाद्य. तिचे सूर कारखान्यात पक्के झालेले असतात. सारंगीवाला एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाऊ शकतो, गवई जाऊ शकतो, पेटीवाल्याला प्रत्येक पायरीवर पाय ठेवूनच उतरावे लागते. मींड तिच्यातून निघत नाही. रागारागाप्रमाणे किंचित चढी किंवा उतरती लागणारी श्रुती तिच्यात नाही. म्हणूनच जाणकार तिला नावे ठेवत आले आहेत. अशा वाद्यातून गाणे काढायचे तर बोटांची हलकी लाग आणि भात्यावरचा ताबा, एवढीच दोन शस्त्रे उरतात. हवा किती सोडायची, कोठे रोखायची, पुढच्या सुराला नुसता स्पर्श करून मागे कसे यायचे, यातून मींडेचा भास उभा करायचा. गोविंदरावांनी हे बऱ्याच अंशी स्वतःच्या कानाने आणि बोटांनी शोधले. भास्करबुवांच्या साथीला बसता बसता त्यांना गायकी उमगत गेली. अल्लादिया खाँसाहेबांची समोर बसवून दिलेली तालीम त्यांना मिळाली नाही, पण ऐकून ऐकून त्या गायकीचे मर्म त्यांनी उचलले आणि जन्मभर खाँसाहेबांना गुरुस्थानी मानले. साथीपुरत्या ठेवलेल्या त्या पेटीला घेऊन ते एकटे मैफलीत बसू लागले आणि लोक नुसती पेटी ऐकायला येऊ लागले. स्वतंत्र पेटीवादनाची वाट आपल्याकडे ज्यांनी पाडली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

मग आले 'मानापमान'. 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीने मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला. त्यापूर्वीची रीत अशी, की नाटककारच पदे रची आणि चालीही तोच सुचवी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्रा'त साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी चाली अशा कितीतरी तऱ्हा आपणच बसवल्या होत्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लेखणीचे बहाद्दर, गाणे हा त्यांचा प्रांत नव्हे. म्हणून चालींचे काम एकोणतीस वर्षांच्या गोविंदरावांकडे आले, आणि नाटककाराहून वेगळ्या माणसाने सबंध नाटकाचे संगीत करण्याची प्रथा येथून रुजली असे मानतात. गोविंदरावांनी काय केले? बनारस-लखनौकडच्या ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांचा ढंग त्यांनी मराठी पदांत आणून ओतला. आज हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण विचार करा, सभ्य कुटुंबांतल्या बायकामुलांना ज्या कोठीवरच्या गाण्याच्या वाऱ्याला उभे केले जात नव्हते, तेच गाणे बालगंधर्वांच्या भामिनीच्या तोंडी आल्यावर त्याच बायकामुली घरी चुलीपुढे गुणगुणू लागल्या. रागदारीचा धाक न वाटता रागाचा रंग चढावा, अशा त्या चाली होत्या. माझ्या मते गोविंदरावांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम हेच. आणि लोकांनी ते बालगंधर्वांच्या नावे जमा केले, तेही याच कामाच्या बाबतीत.

यात बालगंधर्वांचा दोष नाही. गाणाऱ्याचा गळा समोर दिसतो, चाल दिसत नाही.

5 जुलै 1913 रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवाला कंपनीचा मालक झाला. खरे तर येथे एखाद्याने स्वस्थ बसावे. परंतु 1915 साली गोविंदरावांनी आपली स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. ती काढताना त्यांच्या मनात काय होते याचा मी पुष्कळ विचार केला. भागीदारांचे पटत नाही, पैशावरून खटके उडतात, हे सगळीकडे असतेच. मला आपले वाटते की एकदा तरी चौकटीच्या मधोमध उभे राहून पाहावे, ही इच्छा त्यात असावी. माझ्या त्या उजव्या हाताला हे लगेच समजते.

मालक होणे म्हणजे काय असते? नाटक कंपनी म्हणजे एक फिरते गाव. नट, गायक, वाजवणारे, पडदे ओढणारे, आचारी, पाणके, मुले, म्हातारे, सगळ्यांची पंगत रोज दोनदा उठायची, मग त्या दिवशी खेळ असो की नसो. गाव बदलले की पडदे, पेटारे, भांडीकुंडी आगगाडीत चढवायची. पाऊस लागला की उत्पन्न बंद, खर्च चालू. दोन नाटके पडली की सावकार दारात. खुद्द गंधर्व कंपनी, जिच्या तिकिटांसाठी झुंबड उडत असे, तीही कर्जाच्या चिखलात रुतली, तेथे इतरांची काय कथा! गोविंदरावांनी मालकी केली, तोंडाला रंग लावून भूमिका केल्या, संगीत दिले, पुढे नाटकेही लिहिली. 'तुलसीदास' हे त्यांचे 1928 सालचे नाटक. त्यातले त्यांचे रामभक्तीचे पद पुढे भीमसेन जोशींच्या मैफलीत इतके रंगले, की ऐकणाऱ्यांना तो कोणा जुन्या संताचा अभंगच वाटावा. शिवराज कंपनी मात्र तगली नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या गोविंदरावांच्या हाती पुन्हा त्यांची बोटे आणि कान एवढेच भांडवल उरले.

आणि आता गंमत पाहा. 1931 साली 'आलम आरा' हा बोलपट आला आणि नाटक कंपन्यांची सद्दी संपायला लागली. ज्या लाटेने थोरथोर नाटकमंडळ्या बुडवल्या, त्याच लाटेने गोविंदरावांना उचलून वर घेतले. तेही मुंबईत नव्हे, आपल्या कोल्हापुरात. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली येथेच निघाली होती. तिने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढायचे ठरवले तेव्हा शांतारामबापूंना गाणारा हरिश्चंद्र हवा होता आणि संगीतकारही हवा होता. दोन्ही एकाच माणसात मिळाले. फेब्रुवारी 1932 मध्ये चित्र झळकले तेव्हा गोविंदराव पन्नास वर्षांचे होते आणि त्यांच्यासमोर तारामती म्हणून सत्तावीस वर्षांच्या दुर्गाबाई खोटे होत्या. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर अभिनय करायचा आणि त्याच वेळी खरोखर गायचेही, वाजवणाऱ्यांनी चौकटीत न दिसेल अशा जागी बसून साथ करायची. चूक झाली की सगळे पहिल्यापासून. आयुष्यभर जो माणूस साथीला बसला, तो आता मधोमध उभा होता आणि साथीदार आडोशाला होते. हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

पुढचे दीड-दोन वर्षे त्यांची होती. 'अग्निकंकण', 'माया मच्छिंद्र' (यात ते मच्छिंद्रनाथ झाले), 'सिंहगड', 'सैरंध्री', सगळ्यांचे संगीत त्यांचे. पण 1933 साली प्रभातने कोल्हापूर सोडले आणि पुण्याला बिऱ्हाड हलवले. 1934 च्या 'अमृतमंथना'ला संगीत दिले ते केशवराव भोळे यांनी. भोळ्यांची जाण निराळी होती, चित्रपटाचे संगीत नाटकाच्या संगीताहून वेगळे असले पाहिजे असा त्यांचा रोख होता, आणि काळही त्यांच्या बाजूला होता. 1935 च्या सुमारास पार्श्वगायन आले आणि गाणाऱ्या नटाची निकड हळूहळू कमी होत गेली. गोविंदरावांनी कोल्हापुरातच बाबूराव पेंटरांच्या 'उषा' (1935) आणि 'प्रतिभा' (1937) या चित्रांना संगीत दिले. परंतु बोलपटाची लाट त्यांना जेथवर न्यायची तेथवर नेऊन परतली होती.

अशा वेळी माणसे एकतर कडवट होतात किंवा जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत ओट्यावर बसतात. गोविंदराव लिहायला बसले. 1939 साली 'माझा संगीत व्यासंग' प्रसिद्ध झाले, 1948 साली 'माझा जीवनविहार', आणि 1954 साली अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र. मराठीत गाण्याविषयी लिहिणे म्हणजे बहुधा एकतर आख्यायिका किंवा शास्त्राची कोष्टके. गोविंदराव मैफल आतून सांगतात, गवयाच्या मागे चार हातांवर बसलेला माणूस ज्या जागेवरून ऐकतो तेथून. ती जागा साथीदाराची. गवयाचा श्वास कोठे तुटतो, आता तो कोणत्या सुरावर जाणार, हे श्रोत्यांच्या आधी त्याला कळावे लागते. या पुस्तकांचा लेखक दुसरा कोणी होऊच शकला नसता असे ती वाचताना सारखे वाटते. आपल्या ग्रंथालयातली 'व्यासंगा'ची प्रत जीर्ण झाली आहे, ती हातात घेताना जपून घ्यावी, एवढी विनंती येथे करून ठेवतो.

उतारवयात त्यांनी 'महाश्वेता', 'जयदेव' अशा संगीतिकाही रचल्या. प्रयोग करण्याची खोड गेली नव्हती. मात्र ज्या वाद्याने त्यांचे नाव केले त्याच्या वाट्याला त्या काळात वनवास आला होता. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. तिचे पक्के सूर आपल्या संगीताला मारक आहेत, हा जुनाच आक्षेप. ही बंदी शिथिल व्हायला 1971 साल उजाडले. गोविंदरावांना तो दिवस दिसला नाही. 9 ऑक्टोबर 1955 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, घरापासून लांब, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आता माझ्या पेटीविषयी सांगून थांबतो. ती आजोबांची. ते पेठेतल्या भजनी मंडळात ती वाजवीत आणि त्यांचेही नाव कधी कोठे छापून आले नाही. गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी ती विकायला काढली होती, भाता फाटला होता आणि दोन सूर बोलत नव्हते. मी हट्टाने ती ठेवून घेतली. सूर दुरुस्त करून आणले. भात्याला मात्र पैसे पुरले नाहीत म्हणून आतून कापड चिकटवले आहे.

यंदाच्या गॅदरिंगला पुन्हा तोच मित्र, पुन्हा 'मानापमान'. या वेळी तो आपणहून म्हणाला की गाण्याआधी दोन मिनिटे तू एकटाच वाजव. मी वाजवले. मींड अर्थातच निघाली नाही. वरच्या षड्जावर मी भाता जरा जोरात ओढला आणि चिकटवलेले कापड एका बाजूने सुटले. पुढचे सगळे गाणे मी डाव्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबून, उरलेल्या चार बोटांनी भाता मारीत काढले. मित्राला त्याचा पत्ताही लागला नाही. त्याला पहिले बक्षीस मिळाले.