सम्राटाची समाधी कुठे आहे?

अलेक्झांडर आणि क्लिओपात्रा यांच्या कबरींचा शोध इजिप्तच्या भूमीत वर्षानुवर्षे चालू आहे. आपल्या सम्राट अशोकाची समाधी कुठे आहे, हेही कुणाला सापडलेले नाही. पण अशोकाच्या बाबतीत समाधीआधी शोधावे लागले ते त्याचे नाव!

चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र असलेल्या अशोकाने राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. हे आकडे शत्रूने नव्हे, त्याने स्वतःच शिलालेखात कोरले. पराक्रमाची जाहीर खंत करणारा असा राजा जगाच्या इतिहासात विरळाच. पुढे त्याने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची सोय केली, विहिरी खोदल्या, रस्त्याकडेला झाडे लावली. महिंद आणि संघमित्रा यांनी धम्म सिंहलद्वीपाला नेला. त्याने लेख कोरले तेही संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृतात.

इ.स.पूर्व २३२च्या सुमारास तो गेला. अर्धशतकात पुष्यमित्र शुंगाने शेवटच्या मौर्य राजाचा खून करून गादी बळकावली. बाबासाहेबांनी या प्रतिक्रांतीचा अर्थ आपल्याला उलगडून दाखवला. पुराणांनी अशोकाला राजांच्या यादीतले एक नाव एवढीच जागा दिली. त्याचे चरित्र जपले ते सिंहलच्या भिक्खूंनी. त्याची लिपीसुद्धा देश विसरला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती वाचली, तेव्हा देवानंपिय पियदसि हा राजा बोलू लागला. हा पियदसि म्हणजेच अशोक, हे सिंहलच्या ग्रंथांवरून कळले. १९१५ साली कर्नाटकातील मस्कीच्या लेखात तर अशोक हे नावच सापडले. पाटण्याजवळ कुम्रहार येथे स्पूनरने मुंबईच्या रतन टाटांच्या पैशातून उत्खनन केले आणि ऐंशी खांबांच्या सभागृहाचे अवशेष उजेडात आणले.

महाराष्ट्रही या शोधात मागे नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्याच भुईगावात सापडला तो १९५६ साली. म्हणजे बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीला नागपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी! काय आहे त्या नवव्या लेखात? आजारपण, लग्न, मूल जन्मणे, प्रवास या निमित्ताने लोक करतात त्या मंगलकार्यांचे फळ थोडेच, दास आणि नोकरांशी नीट वागा, हाच खरा मंगलाचार, असा त्याचा आशय आहे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत आज मुहूर्त, नवस, गंडेदोरे परत येत नाहीत ना, हे आपणच तपासले पाहिजे. अशोकचक्र राष्ट्रध्वजावर आले, सिंहशीर्ष राजमुद्रेवर आले. पण नववा लेख आपल्या घरात आला का?

समाधी सापडेल किंवा सापडणार नाही. अशोकाने मागे ठेवले ते दगडावरचे शब्द. ते वाचणे आणि आचरणात आणणे, हेच त्याला खरे अभिवादन!